रनामागे दहा लाख

सत्तावीस कोटी भागिले दोनशे एकोणसत्तर, म्हणजे रनामागे दहा लाख. २०२५ ची आयपीएल संपल्यापासून हा भागाकार पुण्याहून माझ्याकडे, इंग्लंडात लीड्सला, इतक्या वेळा येऊन पोचलाय की तो नुसता दिसला तरी डोकं तापतं. ऋषभ पंतला लखनौने २७ कोटींना घेतलं, त्याने १४ सामन्यांत २६९ रन केले, आणि त्यातले ११८ तर शेवटच्या एकाच सामन्यात. त्यापुढचं बोलणं ठरलेलं असतं. हे लुटारू, यांना निष्ठा नाही, पैसे परत घ्या. आणि शेवटी मला उद्देशून एक प्रश्न: "तुमच्याकडे चालतं का रे असलं?"

चालतं. याहून वाईटही चालतं, त्याकडे येतोच. पण राग येतो तो वेगळ्या कारणाने. हा भागाकार करणाऱ्यांना खेळ कळत नाही असं अजिबात नाही. रणजीत पहिल्या डावाच्या आघाडीला किती गुण आणि डावाने जिंकल्यावर जादा एक गुण कसा, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. अशा माणसांनी लिलावाचा नियम न वाचता नुसती किंमत वाचावी, हे मला सहन होत नाही.

तर नियम वाचू. पंतने २७ कोटी मागितले नव्हते. त्याने २ कोटींच्या बेस प्राइसवर, म्हणजे बोली जिथून सुरू होते त्या रकमेवर, नाव दिलं होतं. २४ नोव्हेंबर २०२४ ला जेद्दाहमध्ये बोली लखनौच्या नावावर २०.७५ कोटींना थांबली. दिल्लीकडे राइट टू मॅच होतं, म्हणजे तेवढीच रक्कम देऊन आपला जुना खेळाडू परत घ्यायचा हक्क. २०१८ च्या लिलावात गोष्ट इथेच संपली असती. दिल्लीने हक्क वापरला की पंत २०.७५ ला दिल्लीचा. या वेळी मध्ये एक पायरी घातली होती. जुन्या संघाने हक्क वापरला की बोली जिंकणाऱ्याला एकदा, फक्त एकदाच, रक्कम वाढवायची संधी, आणि वाढ किती करायची यावर बंधन नाही. मग जुन्या संघाने ती नवी रक्कम द्यायची, नाहीतर खेळाडू सोडायचा.

आता लखनौच्या टेबलावर बसून विचार करा. एकच आकडा सांगायचा आहे. २१ सांगितले तर दिल्ली देणार. २३ लाही देईल. दिल्ली त्या दिवशी ७३ कोटी घेऊन आली होती, लखनौकडे ६९ होते. म्हणजे आकडा असा हवा की समोरच्याच्या उरलेल्या संघाचं गणित कोसळलं पाहिजे. लखनौने २७ सांगितले, दिल्लीने सोडलं. वरचे सव्वासहा कोटी पंतच्या बॅटमुळे आले नाहीत, दिल्लीच्या खिशाच्या अंदाजामुळे आले. त्या कलमात शेवटची वाढ करायची मुभा नसती तर तोच पंत तेच २६९ रन करून दिल्लीत असता आणि तुमचा भागाकार पावणेआठ लाखांवर आला असता.

शिवाय भागाकारच करायचा तर पर्सने करा. त्या लिलावात एका संघाची पर्स, म्हणजे खेळाडूंवर खर्चायची कमाल रक्कम, १२० कोटींची. पंतचा वाटा साडेबावीस टक्के. २००८ च्या पहिल्या लिलावात पर्स ५० लाख डॉलरची होती आणि चेन्नईने धोनीला १५ लाखांना घेतलं, म्हणजे तीस टक्के. वाट्याने पाहिलं तर पंतपेक्षा २००८ चा धोनी महागडा ठरतो, आणि त्याला कोणी लुटारू म्हणत नाही. आपल्या ऋतुराजला चेन्नईने १८ कोटींना राखलं. त्या मोसमात कोपराला लागून तो पाच सामन्यांनंतर बाहेर गेला, रन १२२. रनामागे पावणेपंधरा लाख. हा भागाकार पुण्याहून एकदाही आला नाही. येऊही नये, पण मग पंतचाही नको.

खरा अन्याय बघायचा असेल तर यादीच्या तळाला बघा. बेस प्राइस ३० लाख, वरची किंमत २७ कोटी, म्हणजे नव्वद पट. त्यावर आता सामन्याला साडेसात लाख मानधन मिळतं, इम्पॅक्ट प्लेअरलाही, म्हणजे सामन्यात बदली उतरणाऱ्या बाराव्यालाही. त्यासाठी प्रत्येक संघाला १२ कोटी ६० लाख वेगळे ठेवावे लागतात: चौदा सामने, बारा माणसं, साडेसात लाख. म्हणजे ३० लाखांचा पोरगा चौदाही सामने खेळला तर एक कोटी पस्तीस लाख घेऊन घरी जातो, आणि बाकावर बसून राहिला तर तीसच. एक कोटी पाच लाखांचा हा फरक कर्णधाराच्या मर्जीवर. आणि ज्याला लिलावात कोणी घेतलंच नाही, तो रणजीत दिवसाला ४० हजारांवर, वीस सामने होईपर्यंत. या पोरांच्या वतीने बोर्डाशी बोलायला कोणी नाही. २०१९ मध्ये जी इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन झाली ती निवृत्त खेळाडूंची आहे. इथे काउंटीच्या खेळाडूंची संघटना १९६७ पासून आहे आणि तिचा माणूस करारावर बोलतो. तुम्हाला इंग्लंडचं काही उचलायचंच असेल तर हे उचला.

पण तुम्ही उचलता ते फुटबॉल. "तिकडे बघ, शंभर मिलियन देतात, मग खेळाडू जीव टाकतो." ग्रीलिशसाठी मँचेस्टर सिटीने २०२१ मध्ये १०० मिलियन पौंड मोजले, ते ॲस्टन व्हिलाला गेले. ती एका क्लबने दुसऱ्या क्लबला दिलेली किंमत. खेळाडूचा पगार वेगळा ठरतो, आणि तो नको असेल तर त्याला नाही म्हणता येतं. आयपीएलची बोली हाच खेळाडूचा पगार, दर मोसमाचा, आणि कुठल्या गावचा शर्ट घालायचा यात त्याला विचारत नाहीत. लिलावात नाव दिलं की जो हात वर करेल त्याचा.

नाही म्हटलं तर काय होतं ते इथल्या लोकांना २०२५ च्या मार्चमध्ये कळलं. हॅरी ब्रूक, कीथलीचा पोरगा, यॉर्कशायरचा, म्हणजे लीड्सच्या काउंटीचा, लाडका. दिल्लीने त्याला ६.२५ कोटींना घेतलं होतं (पंतवर लखनौने वाढवले तेवढेच), त्याने माघार घेतली आणि दोन मोसमांची बंदी आली. इथे आरडाओरडा झाला, भारतीय बोर्डाची दादागिरी म्हणून. मी इथल्या लोकांशी वाद घालतो की दादागिरी नव्हे, नियम लिलावाआधी छापलेला होता: नाव दिलंत, विकले गेलात, दुखापत नाही, तरी आला नाहीत, तर दोन वर्षं बाहेर. संघाने पर्स त्या भरवशावर खर्च केलेली असते आणि मार्चमध्ये बाजारात चांगलं काही उरलेलं नसतं. हे मी लीड्समध्ये सांगतो. पुण्यात मात्र याच बंदीवर "आणखी दोन वर्षं हवी होती" असं ऐकू आलं की मला ब्रूकचा कैवार घ्यावासा वाटतो, कारण इंग्लंडात १९६३ मध्ये कोर्टाने फुटबॉलच्या क्लबांना बजावलं की करार संपलेल्या खेळाडूला अडवून ठेवणं अवाजवी आहे. त्याच्या दोनच वर्षं आधीपर्यंत आठवड्याला वीस पौंडांच्या वर पगारच देता येत नव्हता. पगारावर झाकण ठेवणं म्हणजे समता, असं तेव्हाचे क्लबमालकही म्हणत होते. पर्स हे तेच झाकण आहे. ते संघासंघांत न्याय करतं आणि खेळाडूवर अन्याय, दोन्ही एकदम.

इम्पॅक्ट प्लेअरवर तर पुण्यात वर्षभर वाद चालतो. "अकराचा खेळ बाराचा केला." यातला निम्मा वाद चुकीच्या माहितीवर आहे, म्हणून आधी नियम. टॉसला अकरा जणांबरोबर पाच बदली नावं द्यायची, त्यातला एकच वापरायचा, तोही सक्तीने नाही. डाव सुरू होण्याआधी, ओव्हर संपल्यावर किंवा विकेट पडल्यावर तो आणता येतो. ज्याच्या जागी आला तो सामन्यातून कायमचा बाहेर, क्षेत्ररक्षणालाही परत येता येत नाही. बाहेर गेलेल्याने चार ओव्हर टाकलेल्या असल्या तरी नवा आपल्या चार टाकू शकतो. फलंदाजी मात्र अकराच जण करतात, बारा नाही. आणि अकरात चार परदेशी असतील तर इम्पॅक्ट प्लेअर भारतीयच हवा.

मग बिघडतं कुठे? सहाव्या गोलंदाजाच्या जागी. पूर्वी कर्णधाराला दोन-तीन ओव्हर फलंदाजाकडून टाकून घ्याव्या लागत आणि तिथे सामना फिरायचा. आता पहिली फलंदाजी असेल तर फलंदाज काढून गोलंदाज आणायचा, नंतर असेल तर उलट. ती ओव्हर कोणाला द्यायची ही कर्णधाराची पंचाईतच गेली. शिवम दुबे हे याचं ठळक उदाहरण. चेन्नईने त्याला बहुतेक वेळा बॅट घेऊन उतरवलं आणि चेंडू त्याच्या हातात फारसा दिलाच नाही. रोहित शर्माने २०२४ मध्ये नेमकं हेच बोलून दाखवलं होतं आणि पुणं त्याच्याशी सहमत होतं. मीही आहे. देशांतर्गत टी-ट्वेंटीच्या मुश्ताक अली स्पर्धेतून बोर्डाने हा नियम काढला ते बरं झालं, आयपीएलमध्ये तो २०२७ पर्यंत ठेवला ते वाईट.

मग तोच दुबे पुण्याजवळ गहुंज्याच्या स्टेडियमवर आला. ३१ जानेवारी २०२५, इंग्लंडविरुद्धचा चौथा टी-ट्वेंटी. दुबेने ५३ केले, शेवटच्या ओव्हरमध्ये हेल्मेटवर चेंडू बसला, आणि कन्कशन बदली म्हणून, म्हणजे डोक्याला मार लागलेल्याच्या जागी, हर्षित राणा आला. राणाने चार ओव्हरमध्ये ३३ देऊन तीन बळी घेतले, भारत १५ रननी जिंकला. ज्या लोकांनी वर्षभर सांगितलं की दुबे आता गोलंदाज राहिलेलाच नाही, त्याच लोकांनी त्या रात्री लिहिलं की दुबेही मध्यमगती, राणाही वेगवान, मग अडचण काय.

अडचण ही की तिथला नियम वेगळा आहे. कन्कशनची बदली सारख्याला सारखी हवी, आणि सारखेपणा मोजायचा तो सामन्याच्या उरलेल्या भागात जखमी खेळाडूने काय केलं असतं यावर. दुबेची बॅटिंग झालेली होती. उरलं होतं क्षेत्ररक्षण आणि फार तर एखाद-दोन ओव्हर. संघात रमणदीप सिंग होता, दुबेसारखाच, फटकेबाज आणि जोडीला मध्यमगती. शिवाय सामनाधिकाऱ्याला बदली खेळाडूवर अट घालता येते, म्हणजे राणा येऊ दे पण इतक्याच ओव्हर टाकू दे, असं म्हणायला वाव होता. परवानगी दिली गेली, म्हणून निकाल कायदेशीर आहे. पण तो न्याय्य होता असं मी इथल्या माणसासमोर छातीठोक म्हणू शकलो नाही, आणि पुण्यातल्या माणसासमोर तो न्याय्य नव्हता असं म्हटल्यावर "तू आता त्यांचाच" हे ऐकावं लागलं.

त्यांचा? हे इंग्रज लोक न्यायाचे पुतळे आहेत असं समजू नका. जुलै २०२३ मध्ये लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक कॅरी याने इंग्लंडच्या बेअरस्टोला यष्टिचीत केलं. चेंडू जिवंत होता की नाही एवढाच प्रश्न, आणि दोन्ही बाजूंनी खेळ थांबल्याचं पंचाला स्पष्ट दिसल्याशिवाय चेंडू मृत होत नाही, असा कायदा आहे. बेअरस्टो क्रीज सोडून चालू लागला, कॅरीने चेंडू हातात येताच स्टंपांवर मारला होता. बाद. पण बेअरस्टो यॉर्कशायरचा, आणि पुढची कसोटी लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर. तिथल्या वेस्टर्न टेरेस स्टँडने ऑस्ट्रेलियाला पाच दिवसांच्या बोलीवर शिव्या घातल्या, खेळ चार दिवसांत संपला म्हणून तिथेच थांबल्या. भारताच्या दीप्ती शर्माने इंग्लंडच्या चार्ली डीनला नॉन-स्ट्रायकर टोकाला धावबाद केलं तेव्हाही हेच. त्या २०२२ च्या सप्टेंबरनंतर आठवडाभरात ते कलम 'अनुचित खेळ' मधून उचलून 'धावबाद' मध्ये गेलं, तसं जाणार हे आधीच जाहीर झालं होतं, तरी इथे अजून 'खेळभावना' सांगतात.

पुण्यालाही हा प्रश्न नवा नाही. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबवर भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते, ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ ला नऊ कमी, आणि काठियावाडने सामना सोडून दिला. नियमात बसत होतं. ते नऊ रन आपल्याला अजून टोचतात आणि टोचायला हवेत. म्हणजे नियमात बसणं आणि न्याय होणं यातला फरक पुणेकराला शिकवावा लागत नाही. तो फरक आपला फायदा होत असतानाही दिसावा, एवढंच माझं भांडण आहे.

आता 'आपला' कोण, हा मुद्दा. इथे यॉर्कशायरने १९९२ पर्यंत परक्याला घेतलंच नाही. खेळाडूचा जन्म काउंटीच्या हद्दीत हवा, असा दंडक. बाकीच्या काउंट्या वेस्ट इंडिजचे वेगवान गोलंदाज आणून विजेत्या होत होत्या आणि हे हद्द सांभाळत बसले होते. तो दंडक मोडून जो पहिला परदेशी आला तो सचिन, एकोणीस वर्षांचा. हे मला लीड्समध्ये फार अभिमानाने सांगता येतं. त्याच क्लबचे २०२३ मध्ये वर्णद्वेषाच्या प्रकरणात चॅम्पियनशिपचे ४८ गुण कापले गेले आणि चार लाख पौंडांचा दंड झाला, हेही सांगावं लागतं. गुण कापणं इथे नवं नाही. एलँड रोडवाल्यांचे, म्हणजे लीड्स युनायटेड या फुटबॉल क्लबचे, मालकांच्या कर्जापायी २००७ मध्ये आधी दहा आणि लगेच पुढच्या मोसमात पंधरा गुण गेले, एव्हर्टनचे हिशेबापायी दहा गेले आणि अपिलात सहा झाले. मालकाच्या चुकीची शिक्षा प्रेक्षकाला. पण क्लब राहतो. खाली जातो, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये जातो, आणि गाव त्याच्याबरोबर जातं.

पुण्याचं काय झालं? आयपीएलच्या पुणे वॉरियर्ससाठी ३७ कोटी डॉलर मोजले गेले, तीन मोसम खेळून संघ संपला. मग २०१६ ला दोन वर्षांच्या भाड्याने रायझिंग पुणे सुपरजायंट्स. पहिल्या वर्षी दुष्काळामुळे कोर्टाने मेमधले सामने महाराष्ट्राबाहेर पाठवले, आणि आपला संघ विशाखापट्टणमला घरचे सामने खेळला. दुसऱ्या वर्षी थेट फायनल. त्यानंतर काहीच नाही. गुण कापले गेले नाहीत, खालच्या डिव्हिजनमध्येही गेलो नाही. संघच राहिला नाही.

आणि इथे मला कबूल केलं पाहिजे की रनामागे दहा लाखांचा भागाकार मला एवढा का झोंबतो. लखनौचा मालक तोच, जो आपल्या त्या पुण्याच्या संघाचा मालक होता. नावही तेच नेलं, सुपर जायंट्स. पंतला २७ कोटी देणारं ते टेबल एके काळी स्टोक्सला साडेचौदा कोटी देत होतं, पुण्याच्या नावाने. पुण्यातल्या लोकांना पंतचा राग येतो तेव्हा तो पंतचा नसतो, असं मला वाटतं, निदान माझा तरी नाही. नाव पुढे डर्बनला गेलं. आणि २०२६ पासून ते पेनाइन्सचे डोंगर ओलांडून चाळीस मैलांवर आलं आहे, द हंड्रेड या इंग्लंडच्या शंभर-शंभर चेंडूंच्या स्पर्धेत: मँचेस्टर सुपर जायंट्स. इकडे हेडिंग्लेचा संघ यॉर्कशायरने आपल्या वाट्यासकट चेन्नईच्या सन समूहाला शंभर टक्के विकला, डोक्यावरचं कर्ज फेडायला, आणि तो सनरायझर्स लीड्स झाला. द हंड्रेडमधला ड्राफ्टही, म्हणजे संघांनी आळीपाळीने खेळाडू निवडणं, गेला, लिलाव आला. वेस्टर्न टेरेसवर आता तक्रार चालते की आमचा संघ भारतीयांनी नेला, नावसुद्धा ठेवलं नाही. मी भारताची बाजू घेतो. पर्स सांगतो, बेस प्राइस सांगतो. त्यांना जे दुखतंय ते मला २०१७ पासून दुखतंय, हे मात्र सांगत नाही.

हेडिंग्लेवर हे दोन संघ समोरासमोर येतील तेव्हा मला लीड्सकडून ओरडायला हवं. घर इथे आहे, काउंटीची मेंबरशिप इथली आहे, कर इथे भरतो. आणि समोर पुण्याचा जांभळा शर्ट नसला तरी ज्या नावाने २१ मे २०१७ ला हैदराबादला मुंबईच्या १२९ चा पाठलाग केला तेच नाव असेल. शेवटच्या चेंडूवर चार हवे होते. दोन पळून झाले, तिसऱ्याला धावबाद. १२८. त्या एका रनामागे किती लाख, हे मी अजून काढलेलं नाही.